विरजण आणि बियाणे

मराठी भाषेने विरजणावर थोडा अन्यायच केला आहे. कुणाचा विरस झाला की ‘उत्साहावर विरजण पडले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. वास्तविक दुधात विरजण पडले नाही, तरच दुधाचे वाईट होते, ते नासते. विरजण पडले तर त्याचे दही होते, दह्याचे ताक होते, लोण्याचे तूप होते आणि तूप तर महिनोन् महिने टिकते. ज्या चमचाभर वस्तूने एवढे सगळे घडवून आणायचे, तिच्याच नावाने आपण निराशेची गोष्ट सांगतो. रोज हाताशी असलेल्या वस्तूची किंमत न कळण्याची आपली सवय जुनी आहे, आणि ती भाषेतही उतरली आहे, एवढाच याचा अर्थ.

हे आठवण्याचे कारण केफिर. गेल्या काही वर्षांत हा शब्द मोठ्या शहरांतून आपल्या गोंदियासारख्या गावापर्यंत येऊन पोहोचला आहे. पुण्याला, हैदराबादला, बंगळूरला नोकरी करणारी मुले दिवाळीला घरी येताना लहानशा बरणीत, दुधात बुडवलेल्या पांढऱ्या गाठी घेऊन येतात. कुणी त्या कुरियरने मागवतात. फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या दिसणाऱ्या या गाठी दुधात टाकल्या की दूध आंबते, आणि जे पातळसर, किंचित फसफसणारे पेय तयार होते त्याला केफिर म्हणतात. पोटाला ते फार चांगले, अशी त्याची ख्याती. आई सारे कौतुकाने पाहते, एक घोट घेते आणि म्हणते, “अरे, हे तर ताकासारखंच लागते.” मुलगा म्हणतो, “आई, ताक वेगळं, हे वेगळं.” दोघांचेही बरोबर असते.

दही आणि केफिर यांत फरक आहे तो दूध आंबवणाऱ्यांचा. आपल्या दह्यात मुख्यतः दुधातल्या साखरेचे आम्ल करणारे जिवाणू काम करतात आणि त्यांना ऊब लागते. केफिरच्या गाठीत असे जिवाणू आणि त्यांच्या जोडीला यीस्ट, म्हणजे किण्व, एकत्र नांदतात. दोघे मिळून एक चिकट, लवचीक पदार्थ तयार करतात आणि त्याच्याच घरात राहतात. यीस्टमुळे थोडा वायू होतो म्हणून केफिर फसफसते, आणि मद्यार्काचा अगदी अल्प अंशही त्यात येतो. काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्यामधल्या कॉकेशस पर्वतातले लोक हे पेय पिढ्यान् पिढ्या करीत आले. तिथल्या लोकांनी या गाठी परक्यांपासून जपून ठेवल्या होत्या, अशा गोष्टी रशियात सांगितल्या जातात. १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने आंबवलेल्या दुधाचे गुण गायिले, तेव्हापासून युरोपचे लक्ष या पदार्थांकडे विशेष वळले. आपल्याकडे ताकाची थोरवी सांगायला कुणा नोबेलवाल्याची गरज पडली नव्हती, हा भाग वेगळा.

केफिर घरी करणे अवघड नाही. मोठा चमचाभर गाठी, पेला-दोन पेले तापवून पूर्ण गार केलेले दूध, वर सैल झाकण किंवा पातळ फडके. थंडीत चोवीस तास, कधी त्याहून जास्त. आपल्याकडचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. तेव्हा बरणी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावी आणि दहा-बारा तासांनीच पाहावी, नाहीतर चोथा आणि पाणी वेगळे होऊन आंबटढाण प्रकार हाती येतो. गाळून घेतलेल्या गाठी पुन्हा ताज्या दुधात टाकायच्या. दूध गरम असताना टाकल्या तर त्या मरतात. बाजारात केफिरची पूडही मिळते, पण तिच्यातून गाठी धरत नाहीत. काही वेळा दूध लागते आणि मग तिचा जोर संपतो.

आता या साऱ्यातली खरी गंमत अशी की, केफिरची गाठ कारखान्यात ओतून घडवता येत नाही. ती आधीच्या गाठीतूनच वाढते. चांगली जोपासली तर काही आठवड्यांत दुप्पट होते, आणि मग घरच्यांना पुरून उरते. उरलेल्या गाठींचे काय करायचे? कुणाला तरी द्यायच्या. दिल्या नाहीत तर त्या बरणीत दाटी करतात आणि पेय बिघडते. म्हणजे देणे हा या वस्तूचा दानधर्म नव्हे, तो तिच्या जगण्याचा भागच आहे. आणि इथे मला आपले विरजण आठवते. “काकू, थोडं विरजण आहे का जी?” असे म्हणत वाटी घेऊन येणारी शेजारची मुलगी झाडीपट्टीतल्या कोणत्या घराने पाहिली नाही? आपल्या घरचे दही बिघडले, तार सुटू लागली, की ज्यांच्याकडे दिले होते त्यांच्याकडूनच परत आणायचे. देणाऱ्याचे विरजण घेणाऱ्याच्या घरी सुरक्षित राहायचे. बँक नव्हती, पावती नव्हती. पण ठेव बुडत नव्हती.

केफिरच्या गाठींना इंग्रजीत ‘दाणे’ म्हणतात. ते काही धान्य नव्हे. पण या नावात नकळत एक सत्य सांगितले गेले आहे. विरजणाला लागू असलेला नियम धान्यालाही लागू आहे. निदान त्या धान्याला, ज्याच्यात अजून जीव आहे.

गोंदिया जिल्ह्यात धान म्हणजे काय हे सांगायला नको. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तळ्यांचा आणि बांध्यांचा. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, इथल्या शेतीचा कणा. नवेगाव बांधचा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, हे इथले मूलही सांगते. पऱ्हे टाकायचे, रोवणी करायची, दिवाळीच्या आगेमागे हलके धान आणि नंतर भारी धान कापायचे, धुऱ्यावर तूर आणि धान निघाल्यावर ओलीत लाखोळी, हरभरा, जवस. गोंदिया शहराला तर तांदळाचे शहर म्हणतात, ते इथल्या राईस मिलमुळे.

धान हा असा दाणा आहे की तो एका दाराने बीज म्हणून शेतात जातो आणि दुसऱ्या दाराने अन्न म्हणून चुलीवर. मिलमध्ये त्याचे तूस निघाले, अंकुराचा टोकदार भाग कोंड्यासोबत गेला, की त्याचे नाव तांदूळ होते आणि त्यातला जीव संपतो. म्हणून जुने शेतकरी कुटुंब दोन वाटण्या करीत असे: खायचे वेगळे, पेरायचे वेगळे. पेरायचे धान बांधीतल्या उत्तम लोंबींतून निवडायचे, उन्हात वाळवायचे आणि कणगीत निराळे ठेवायचे. हे निवडण्याचे काम बहुधा बायकांकडे असे. धानाचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे सरळ वाणाचे घरचे बी पुढच्या वर्षी बरेचसे तसेच उगवते. संकरित वाणाचे मात्र तसे नाही; ते दरवर्षी विकतच आणावे लागते.

पण धानाच्या बियाण्याला एक मर्यादा आहे. साध्या घरगुती साठवणुकीत वर्ष-दोन वर्षांत त्याची उगवण घटू लागते. दोन-तीन हंगाम एखादे वाण कुणीच पेरले नाही, की गावातून ते गेले. शीतगृहात, संशोधन केंद्रात ते असेल, गावात नसेल. विरजणाचे आयुष्य दिवसांचे, बियाण्याचे हंगामांचे, एवढाच काय तो फरक. दोन्ही कुलपात ठेवून टिकत नाहीत. वापरली तर राहतात, वाटली तर वाढतात. घरोघरी होणारी खरेदी आणि स्वयंपाक यांवर त्यांचे जगणे-मरणे ठरते, ही गोष्ट आपण किराणा दुकानात उभे असताना विसरतो, आणि मला आज तिचीच आठवण करून द्यायची आहे.

या प्रदेशात किती वाणे होती, याची कल्पना यावी म्हणून आपल्या शेजारच्या छत्तीसगडचे उदाहरण घेऊ. गोंदियाहून हावड्याकडे जाणारी गाडी काही तासांत रायपूरला पोहोचते. त्या रायपूरला डॉ. आर. एच. रिछारिया या भातशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात तेव्हाच्या मध्य प्रदेशातून धानाच्या वाणांचे सतरा हजारांहून अधिक नमुने गोळा केले. ही वाणे कुणा प्रयोगशाळेने दिलेली नव्हती. खोलगट बांधीसाठी एक, उंचवट्यावरच्या हलक्या जमिनीसाठी एक, पोह्यासाठी एक, पाहुण्यांसाठी सुवासिक एक, अशी ती शेतकऱ्यांनी निवडून, एकमेकांना देऊन सांभाळली होती. पावसाळा लहरी, जमिनीची जात बांधीगणिक वेगळी. एकच वाण सगळीकडे लावणे म्हणजे सगळे पैसे एकाच खिशात ठेवून जत्रेत जाणे. वाणांची विविधता ही शेतकऱ्याची हौस नव्हती, तो त्याचा विमा होता.

आणि ही निवडीची कला केवळ भूतकाळातली नाही. दादाजी रामाजी खोब्रागडे हे नाव या पट्ट्यात तरी प्रत्येक घरात माहीत असायला हवे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले नांदेड हे त्यांचे गाव. जमीन दीड एकराच्या आसपास, शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ साली ‘पटेल ३’ जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या. बारीक दाण्याचे, चवीला उत्तम असे वाण तयार झाले आणि त्याला त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे नाव मिळाले: एचएमटी. खोब्रागड्यांनी ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिले आणि हातोहात ते राज्याबाहेर गेले. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केले. खोब्रागड्यांना सन्मान मिळाले, पण आपले वाण लाखो घरांत शिजत असतानाही त्यांची गरिबी काही फिटली नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले. आज आपण दुकानात जाऊन सहज “एचएमटी द्या” म्हणतो, तेव्हा एका दीड एकरवाल्या माणसाच्या नजरेचे फळ मागत असतो.

चिन्नोरची कथा दुसऱ्या टोकाची आहे. बारीक, सुवासिक, मऊ शिजणारा हा तांदूळ वैनगंगेच्या खोऱ्याची शान. बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये आणि भंडाऱ्याच्या चिन्नोरला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन मिळाले याचा आनंद आहेच. पण कागदावरच्या शिक्क्याने धान उगवत नाही. चिन्नोर भारी जातीचे, उशिरा येणारे. त्याची ताटे उंच, वाऱ्याने लोळणारी, आणि उत्पन्न बुटक्या सुधारित वाणांपेक्षा कमी. शेतकऱ्याने ते का लावावे? त्याला जास्त भाव मिळाला तरच. तो भाव कोण देणार? ज्याला चिन्नोर म्हणजे काय हे जिभेने ठाऊक आहे तो. आणि ती जीभ आता कुठे आहे? गोंदिया, भंडाऱ्याच्या किती मुलांनी खराखुरा चिन्नोर खाल्ला असेल?

‘पिकते तिथे विकत नाही’ ही म्हण आपल्या किराणा दुकानांत जाऊन पाहावी. धानाच्या जिल्ह्यातच चकचकीत पिशवीतला, दूरदेशीचे चित्र छापलेला तांदूळ प्रतिष्ठेचा झाला आहे. गिऱ्हाईक दोन गोष्टी पाहते: पांढरा किती आणि लांब किती. त्यामुळे मिलवाला पॉलिश वाढवतो, सॉर्टेक्स यंत्राने रंगाचा एकेक दाणा वेचून काढतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपण मागतो ते तो देतो.

पॉलिश म्हणजे काय होते ते समजून घेऊ. एक क्विंटल धान भरडले की साधारण वीस किलो तूस निघते, आठ-दहा किलोच्या आसपास कोंडा निघतो. उरतो तो तांदूळ आणि कणी. सरकारी भरडाईत अरवा तांदळासाठी क्विंटलमागे सदुसष्ट किलोचा हिशेब धरतात. तूस जाणे आवश्यकच. ते कुणी खाऊ शकत नाही. कोंडा मात्र दाण्याचाच अंश. त्यात तेल आहे, ब जीवनसत्त्वे आहेत. पॉलिश जितके जास्त, तितके हे जास्त जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर आयकमान नावाच्या डच डॉक्टरने पाहिले की, पांढरा सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या पायांतले बळ जाऊन पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की उभ्या राहतात. बेरीबेरी या रोगाचे मूळ त्यातून कळत गेले आणि १९२९ साली त्यांना नोबेल मिळाले. म्हणजे आपण पैसे देऊन दाण्यातला सत्त्वांश काढून घेतो, मग त्याच कोंड्याचे तेल बाटलीतून आणि जीवनसत्त्वे गोळीतून पुन्हा विकत आणतो.

गोंदियाच्या मिलमध्ये निघणारा उष्णा तांदूळ या बाबतीत शहाणा आहे. धान भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडायचे. वाफेने कोंड्यातली काही जीवनसत्त्वे दाण्याच्या आत मुरतात आणि दाणा टणक होऊन कमी तुटतो. रंग मात्र पिवळसर येतो, वास निराळा येतो. तेवढ्यावरून आपल्यातले पुष्कळजण त्याला नाक मुरडतात. केरळात आणि बंगालात तो घरोघरी शिजतो.

मग तांदूळ घ्यावा कसा? शितावरून भाताची परीक्षा करणारी आपली परंपरा. तिचाच आधार घ्यावा. पहिली गोष्ट, वाणाचे नाव विचारावे. ‘बारीक तांदूळ’ हे नाव नव्हे. दुसरी, नवा की जुना ते विचारावे. नवा तांदूळ चिकट शिजतो, तो खिचडीला, भाकरीच्या पिठाला बरा. वर्षभर मुरलेला मोकळा शिजतो, म्हणून महाग असतो. तिसरी, पॉलिश कमी करून मिळेल का ते विचारावे. ओळखीच्या मिलवर धान घेऊन गेले तर हलक्या पॉलिशची भरडाई करून मिळू शकते; मात्र कोंड्यातल्या तेलामुळे असा तांदूळ लवकर खवट होतो, तेव्हा तो महिना-दोन महिन्यांचाच करून आणावा. उरलेले धान धान म्हणूनच ठेवावे. तुसात दाणा सर्वांत सुरक्षित राहतो. चौथी, मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन कणी किती, वास कसा ते पाहावे आणि कट्टा घेण्याआधी वाटीभर शिजवून खावा. एवढी चौकशी आपण साडी घेताना सहज करतो.

पैशांचा हिशेबही सांगतो. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २३६९ रुपये आहे. सदुसष्ट किलोच्या हिशेबाने त्यातल्या तांदळाची किंमत किलोला पस्तीस रुपयांच्या आसपास येते. बारीक, सुवासिक वाणांचे धान याहून महाग असणार, त्यात भरडाई, हमाली, वाहतूक आली. तरीही दुकानातल्या नक्षीदार पिशवीवरचा आकडा आणि हा आकडा शेजारी मांडून पाहावेत. मधले पैसे कुणाकडे जातात याचा विचार घरातल्या मोठ्यांनी आणि मुलांनी मिळून करावा. गणिताचा असा पाठ शाळेत मिळत नाही. त्यातले थोडे पैसे एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याला थेट देऊन वर्षाचे दोन कट्टे चांगल्या वाणाचे घेतले, तर आपलेही नुकसान होत नाही आणि त्यालाही ते वाण पुन्हा लावण्याचे कारण मिळते.

इथे कुणी म्हणेल, ही जुन्याची हौस झाली. ते ऐकून घेतले पाहिजे. ज्या बायांनी पहाटे उठून उखळात धान कांडले, त्यांच्या हाताचे घट्टे मी काही काव्यमय करून सांगणार नाही. मिल आली आणि त्यांची कंबर सुटली. ती परत जाऊ नये. सुधारित वाणे आली म्हणून पोटभर भात मिळू लागला, हेही तितकेच खरे. सिंदेवाही आणि साकोलीच्या संशोधन केंद्रांचे काम नाकारून कुणाचे भले होणार नाही. ज्या घराला रेशनच्या तांदळावरच महिना काढायचा आहे, त्याला चिन्नोर खा असे सांगणे ही तर क्रूर थट्टा होईल. माझे म्हणणे ज्यांना निवड करता येते त्यांच्यापुरते आहे. ज्याला परवडते त्यानेच निवड सोडून दिली, तर जे टिकायचे ते कुणाच्या आधाराने टिकणार?

शिवाय जुने ते सारे निर्धोक असेही नाही. कोदो, कुटकी ही आपल्या आदिवासी भागातली जुनी धान्ये. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे झाल्यापासून शहरांत त्यांचा बोलबाला झाला. पण ओलसर हवेत कोदोवर बुरशी धरली तर तो विषारी होतो, हे आपल्या आजीला माहीत होते. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या बांधवगडला कोदोचे पीक खाऊन दहा हत्ती दगावले. तपासणीत बुरशीमुळे होणारे विषच सापडले. तेव्हा कोदो घ्यावा तो नीट वाळवलेला, ओळखीच्या हातचा. धान्यासोबत त्याचे ज्ञानही विकत मिळत नाही. ते माणसांकडून घ्यावे लागते.

शिळ्या भाताचेही तसेच. रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी मीठ, कांदा, मिरचीसोबत खाण्याची रीत शेजारच्या छत्तीसगडात ‘बोरे बासी’ म्हणून मानाने सांगितली जाते. २०२२ च्या १ मे रोजी, कामगार दिनी, तिथल्या सरकारनेच सर्वांना बासी खाण्याचे आवाहन केले होते. आपल्या गावांतही शेतावर जाणाऱ्याचा हा आधार होता, आणि तीच गोष्ट आंबिलीची. पाण्यात भात हळूहळू आंबतो, तेही एक विरजणच. मात्र शिजलेला भात तसाच उघडा, कोरडा, तासन् तास उकाड्यात राहिला तर त्यात अपायकारक जंतू वाढतात, आणि पुन्हा गरम केल्याने त्यांचे विष जातेच असे नाही. म्हणून पाणी भात गार झाल्यावर लगेच घालावे, भांडे गार जागी ठेवावे, सकाळीच संपवावे, आणि वास किंवा तार वेगळी वाटली तर फेकून द्यावे. काटकसर जिवावर बेतू नये.

पुन्हा केफिरकडे येतो. मुलांनी ती बरणी घरी आणली याचा मला आनंदच वाटतो. तिला हसू नये. शहरात एकेकट्या खोलीत राहणाऱ्या मुलाला एक जिवंत वस्तू रोज पोसावी लागते, तिची वेळ सांभाळावी लागते, वाढली की कुणाला तरी देण्यासाठी शेजाऱ्याचे दार ठोठावावे लागते. आपल्या घरांनी जे शिकवायचे सोडले, ते या परदेशी गाठींनी शिकवले तर वाईट काय? फक्त एवढेच व्हावे, की त्या बरणीशेजारी आजीच्या विरजणाचा वाडगाही असावा. थंडीत तो वाडगा ऊब राहावी म्हणून तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. दही लागायला तांदळाची ऊब. दोन्ही एकमेकांच्या सोबतीने राहतात हे आपल्या स्वयंपाकघराने कधीच ओळखले होते.

कायदाही या देण्याघेण्याच्या बाजूचा आहे. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बी ब्रँडचे नाव लावून विकता येत नाही, इतकाच निर्बंध. म्हणजे हक्क आहे. प्रश्न तो वापरणारे हात उरतात की नाही, याचा आहे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात. त्या दिवसांत आहेराच्या साडीसोबत पायलीभर चांगल्या वाणाचा तांदूळ, शेत असलेल्या घरी मूठभर निवडक बी, आणि निघताना डबीत विरजण, एवढे देणे कुणाला जड जाणार नाही.

आणि ज्यांच्याकडे यातले काहीच उरले नाही, त्यांनी मागायला लाजू नये. ताकाला जाऊन भांडे लपवू नये, असे आपली म्हण सांगते. भांडे पुढे करणारा कुणी असला, तरच देणाऱ्याच्या घरी उद्या पुन्हा विरजण लागते.